रविवारचा संगीतकार

डिसेंबर १९१६ ची ५ तारीख. पहिले महायुद्ध ऐन भरात आलेले. सोमच्या रणभूमीवरील भीषण लढाई थांबून जेमतेम अडीच आठवडे उलटले होते. अशा त्या दिवसांत लंडनच्या सेंट जॉन्स वुड भागातील वेलिंग्टन हॉल नावाच्या सभागृहात एका संगीतविद्यालयाच्या मंडळींनी एक छोटीशी संगीतिका केली. खेळ सुरू झाला तेव्हा वाद्ये वाजली नाहीत. कोठून तरी दुरून एका पुरुषाचा खर्जातला, धीरगंभीर आवाज तेवढा आला. साथीला तंतू नाही की बासरी नाही. तो आवाज मृत्यूचा होता. आपल्याला कोणी अडवू शकत नाही, आपण आपल्या कामासाठी निघालो आहोत, असे तो एका स्त्रीला उद्देशून गात होता. त्या स्त्रीचे नाव सावित्री.

होय, आपलीच सावित्री. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळताना आपल्या आयाबहिणी जिची कहाणी सांगतात ती अश्वपती राजाची लेक, सत्यवानाची पत्नी. तिला लंडनच्या रंगमंचावर उभे करणारा गृहस्थ उभ्या जन्मात हिंदुस्थानात आला नव्हता. तो पेशाने शाळामास्तर होता. हॅमरस्मिथमधील सेंट पॉल्स या मुलींच्या शाळेत तो गाणे शिकवी आणि संध्याकाळी कामकरी माणसांच्या रात्रशाळेत पुन्हा गाणे शिकवी. मग उरलेल्या वेळात, म्हणजे रविवारी आणि ऑगस्टच्या सुट्टीत, तो स्वतःचे संगीत लिही. त्याचे नाव गुस्ताव होल्स्ट.

पाश्चात्त्य संगीताचा ज्यांना गंध आहे त्यांना होल्स्ट ठाऊक असतो तो 'द प्लॅनेट्स' या ग्रहमालेवरील वाद्यरचनेमुळे. पण त्या एका रचनेच्या झगमगाटात मागचा माणूस दिसेनासा होतो. तो माणूस पाहायचा असेल तर त्याची पत्रे वाचावीत. राल्फ व्हॉन विल्यम्स या आपल्या संगीतकार मित्राला त्याने लिहिलेली आणि त्या मित्राकडून त्याला आलेली पत्रे १९५९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. संपादन केले होल्स्टची मुलगी इमोजेन आणि व्हॉन विल्यम्सची पत्नी उर्सुला या दोघींनी. थोरामोठ्यांच्या पत्रव्यवहारात बहुधा आढळतो तो भपका या पत्रांत नाही. दोन विद्यार्थ्यांनी जन्मभर एकमेकांच्या वह्या तपासाव्यात, तसा हा सारा प्रकार आहे.

* * *

होल्स्टचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ रोजी चेल्टनहॅम या गावी झाला. घराणे संगीताचेच. पणजोबा रीगा शहराहून इंग्लंडात आलेले. वडील अॅडॉल्फ हे पियानो शिकवीत आणि गावातील ऑल सेंट्स चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. आई क्लारा मुलगा सात वर्षांचा असतानाच वारली. मुलगा अशक्त, दमेकरी आणि अधू दृष्टीचा. तरीही तो आपल्यासारखा पियानोवादक व्हावा ही वडिलांची हौस. पण त्याच्या उजव्या हाताच्या शिरा दुखू लागल्या, त्या जन्मभर दुखतच राहिल्या. वादक होण्याची आशा अशी मिसरूड फुटण्याच्या वयातच मावळली.

मग त्याने ट्रॉम्बोन हे वाद्य हाती घेतले. लांबच लांब नळी मागेपुढे सरकवीत फुंकायचा हा पितळी कर्णा. त्याला बोटांची नाजूक चपळाई लागत नाही आणि फुंकण्याने दम्यालाही उतार पडेल, असा दुहेरी हिशेब. १८९३ साली वडिलांनी शंभर पौंड उसने काढून मुलाला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये धाडले. दोन वर्षांनी त्याला संगीतरचनेची शिष्यवृत्ती मिळाली आणि पैशाची विवंचना थोडी सुटली.

त्याच वर्षी, १८९५ च्या शरदात, त्याची आणि व्हॉन विल्यम्सची गाठ पडली. दोघांत साम्य म्हणाल तर काहीच नव्हते. व्हॉन विल्यम्स खात्यापित्या घरचा. त्याची आई चार्ल्स डार्विनची भाची. होल्स्टच्या खिशात पुढच्या महिन्याच्या भाड्याची भ्रांत. पण दोघांनी आपसांत एक नेम ठरविला. सवड मिळेल तेव्हा एखादा पुरा दिवस काढून एकत्र बसायचे, आपले नवे लिखाण एकमेकांना वाजवून दाखवायचे आणि त्यातील दोष भीडमुर्वत न ठेवता सांगायचे. हा नेम पुढे जवळजवळ चाळीस वर्षे, होल्स्टच्या मृत्यूपर्यंत चालला. भेट शक्य नसेल तेव्हा पत्र. स्तुती ऐकवणारे मित्र लेखकाला पैशाला पासरी मिळतात. 'हे पान फाडून टाक' म्हणणारा मित्र मिळायला भाग्य लागते.

* * *

कॉलेज सुटल्यावर पोटासाठी होल्स्ट ट्रॉम्बोन घेऊन गावोगाव हिंडला. कार्ल रोझा ऑपेरा कंपनीत राहिला, मग स्कॉटिश वाद्यवृंदात. उन्हाळ्यात समुद्रकाठच्या करमणुकीच्या गावी 'व्हाइट व्हिएनीज बँड' नावाचा एक ताफा वाजवीत असे, त्यातही तो होता. या ताफ्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. बँड म्हणजे व्हिएन्नाचाच हवा, अशी तेव्हाच्या इंग्रज श्रोत्यांची समजूत. म्हणून ताफ्याचा म्होरक्या स्टॅनिस्लास वुर्म याने आपल्या वादकांना ताकीद दिली होती, की लोकांच्या कानावर पडेल अशा ठिकाणी बोलताना इंग्रजी परदेशी धाटणीने बोलत जा! चेल्टनहॅमला जन्मलेला होल्स्ट पोटासाठी परदेशी माणसाचे सोंग घेत होता. पुढे महायुद्धात याच गृहस्थाला आपल्या नावातील 'फॉन' हे जर्मन वळणाचे उपपद कायदेशीर दस्तऐवज करून काढून टाकावे लागले. माणूस तोच, गावही तेच. जगाला कधी त्याचे परकेपण हवे असते, कधी नको असते.

या भटकंतीच्या काळातच त्याच्या हाती हिंदू धर्म आणि वाङ्मय यांविषयीचे एक इंग्रजी पुस्तक पडले आणि त्याला रामायण-महाभारताचे, उपनिषदांचे आणि विशेषतः ऋग्वेदाचे वेड लागले. वेड म्हणण्याचे कारण असे, की उपलब्ध इंग्रजी भाषांतरे त्याला रुचेनात. कोठे ती पंडिती आणि कोरडी, तर कोठे भाबडी आणि पाल्हाळिक. त्यांतला शब्द गाता येईना. दुसरा कोणी असता तर त्याने विषय सोडून दिला असता. पंचविशीच्या आसपासच्या या ट्रॉम्बोनवाल्याने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात नाव घातले आणि डॉ. मेबल बोड या विदुषींपाशी संस्कृतचा श्रीगणेशा केला. तो संस्कृत पंडित कधी झाला नाही, त्याने तसा आवही आणला नाही. देवनागरी अक्षरे ओळखावीत, कोशातून एकेक शब्द शोधून काढावा, मग त्या ऋचेचा अर्थ आपल्या इंग्रजीत, गाता येईल अशा शब्दांत मांडावा, एवढीच त्याची मजल. पण त्या मजलेवर त्याने काय काय केले पाहा.

प्रथम इंद्रावर एक वाद्यरचना. मग १९०७-०८ मध्ये एकट्या गळ्यासाठी ऋग्वेदातील नऊ सूक्ते. त्यांत उषा आहे, वरुण आहे, मरुत् आणि इंद्र आहेत, वाक् आणि श्रद्धा आहेत. सृष्टीच्या आरंभाविषयी शंका विचारणारे नासदीय सूक्त आहे आणि पावसाने आनंदलेल्या बेडकांचे मंडूकसूक्तही आहे. पाठोपाठ १९०८ ते १९१२ या काळात समूहगानासाठी ऋग्वेदसूक्तांचे चार संच. शिवाय 'मेघदूता'वर गायकवृंद आणि वाद्यवृंद यांची मोठी रचना. कालिदासाचा रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी मांडले आहे. रामटेकच्या त्या यक्षाचा निरोप ४ मार्च १९१३ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये गाइला गेला! दुर्दैवाने तो प्रयोग साफ पडला. कित्येक महिन्यांची मेहनत एका संध्याकाळी पाण्यात गेली.

पडण्याची त्याला तोवर सवय झाली होती म्हणा. रामायणावरची 'सीता' ही तीन अंकी, भव्य संगीतिका त्याने १९०० ते १९०६ अशी तब्बल सहा वर्षे लिहिली, शब्दही स्वतःचे. ती एका मोठ्या स्पर्धेला धाडली. १९०८ साली निकाल लागला. पारितोषिक दुसऱ्याला मिळाले. सीता त्याच्या हयातीत रंगमंचावर आलीच नाही. मन आणि शरीर दोन्ही खचले. डॉक्टरांनी उबदार देशी जा म्हटले, म्हणून तो अल्जीरियाला गेला आणि वाळवंटाच्या कडेने सायकलवरून हिंडला! तेथे एका बासरीवाल्याच्या तोंडून एकच सुरावट तासन्तास, पुन:पुन्हा त्याने ऐकली. ती कानात घेऊन तो परतला आणि 'बेनी मोरा' नावाच्या रचनेत त्याने ती तशीच, न कंटाळता, शेकड्याच्या वर वेळा आळवली.

अपयशाविषयी त्याने पुढे एका मित्राला पत्रात जे लिहिले त्याचा भावार्थ असा, की अपयशी असणे ही मोठी चांगली गोष्ट आहे; कारण तुमचे काम कोणालाच आवडत नसले, म्हणजे मग ते केवळ कामासाठीच करीत राहावे लागते.  

* * *

१९०३ साली, वडिलांच्या पश्चात हाती आलेल्या थोड्या पैशांवर होल्स्ट पत्नी इझोबेलसह जर्मनीला गेला होता. तेथून त्याने व्हॉन विल्यम्सला लांबलचक पत्रे लिहिली. प्रवासवर्णन थोडे, आत्मपरीक्षण फार. आपल्या दोघांच्या लिखाणात नेमके काय उणे आहे? आपण आणखी कोणापाशी शिकावे की स्वतःच शोधावे? पोटाचे काम आणि मनाचे काम यांची सांगड कशी घालावी? हे प्रश्न तो मित्रापुढे ठेवतो आणि मित्रही तितक्याच कळकळीने उत्तरे देतो. परतल्यावर होल्स्टने ट्रॉम्बोन वाजविण्याची नोकरी कायमची सोडली. केवळ लेखणीवर घर चालणे शक्य नव्हते. तेव्हा डलिच येथील जेम्स अॅलन्स या मुलींच्या शाळेतली गाण्याच्या शिक्षकाची जागा त्याने पत्करली. ही जागा आधी व्हॉन विल्यम्सकडे होती, मित्राने ती मित्राच्या हाती दिली. १९०५ साली सेंट पॉल्सची नोकरी मिळाली आणि १९०७ साली वॉटर्लूनजीकच्या मॉर्ले कॉलेजची. सेंट पॉल्सशी असलेला त्याचा संबंध त्याच्या मृत्यूपर्यंत सुटला नाही.

मी स्वतः शाळामास्तर आहे आणि शाळा सुटल्यावर कादंबऱ्या लिहितो, म्हणून होल्स्टच्या चरित्रातला हा भाग मी अधिक रेंगाळून वाचतो. आमच्या वर्गातल्या लेखकांचे एक ठरलेले रडगाणे असते: या नोकरीने खाल्ले, नाहीतर आम्ही काय काय केले असते! होल्स्टही थके. आठवड्याच्या तासांनी आपल्यात काही शिल्लक उरत नाही, असे तोही पत्रांतून सांगतो. एके काळी त्याच्या मागे दोन शाळा, रात्रशाळा, रॉयल कॉलेज आणि रेडिंगचे युनिव्हर्सिटी कॉलेज अशा पाच ठिकाणचे तास होते. तरीसुद्धा मला वाटते, शाळेने त्याचे तास घेतले पण त्याचे संगीत घेतले नाही. उलट ते दिले.

ते कसे, हे त्याच्या शिकविण्याच्या रीतीवरून कळते. पाठ्यपुस्तकातले नियम आणि परीक्षेची घोकंपट्टी यांचे त्याला वावडे होते. करीत करीत शिकावे, हे त्याचे सूत्र. मुलींना गाण्यासाठी जी बाजारी, गुळमट गाणी मिळत, ती त्याला सहन होत नसत. मग तो स्वतःच त्यांच्यासाठी लिही. मॉर्ले कॉलेजात दिवसभर कष्ट करून आलेली माणसे जे वाद्य हाती असेल ते घेऊन येत. त्यात कोणाचे वाद्य ज्यादा, कोणाचे अपुरे. होल्स्ट त्या त्या माणसाच्या कुवतीचा भाग लिहून त्याला वृंदात बसवी. कोणाला परत पाठवायचे नाही, आणि संगीत मात्र उत्तमच निवडायचे.

याच मंडळींकडून त्याने १९११ साली एक पराक्रम करून घेतला. हेन्री पर्सेल हा सतराव्या शतकातला इंग्रजांचा थोर संगीतकार. त्याच्या 'द फेअरी क्वीन'ची मूळ स्वरलिपी हरवली होती, ती दोनशे वर्षांनी सापडली. पण वाजविण्यासाठी प्रत्येक वादकाचे, गायकाचे सुटे कागद हवेत, ते कोठून आणायचे? मॉर्लेच्या विद्यार्थ्यांनी रात्री जागून सुमारे दीड हजार पाने हातांनी उतरून काढली. १० जून १९११ रोजी रॉयल व्हिक्टोरिया हॉलमध्ये, १६९७ नंतर प्रथमच, ती रचना लंडनने ऐकली. आरंभी श्रोत्यांना दोन शब्द सांगायला उभा राहिला तो अर्थातच व्हॉन विल्यम्स.

१९१३ साली सेंट पॉल्समध्ये संगीतासाठी नवी इमारत झाली आणि तीत होल्स्टला एक खोली मिळाली, बाहेरचा आवाज आत न येणारी. शाळेच्या वाद्यवृंदासाठी त्याने लिहिलेली 'सेंट पॉल्स स्वीट' ही रचना जगभरच्या शाळांतून वाजविली गेली आहे. रविवारी शाळेचा सारा परिसर निर्मनुष्य असे. फाटक उघडायचे, रिकाम्या वर्गांवरून चालत जायचे, त्या खोलीत बसायचे आणि लिहायचे. त्याचे बरेचसे मोठे काम यापुढे त्या खोलीतले आहे.

* * *

आता 'सावित्री'कडे वळू. ती १९०८ ची, म्हणजे 'सीता' नापास झाली त्याच वर्षाची. दोन्ही शेजारी ठेवल्या म्हणजे त्या एकाच माणसाच्या आहेत यावर विश्वास बसत नाही. 'सीते'त वाग्नेरच्या धर्तीचा गाजावाजा आहे. होल्स्ट स्वतःच पुढे तिची थट्टा करी. 'सावित्री'त तीन गाणारी पात्रे, पडद्याआड शब्दांविना गुणगुणणारा स्त्रियांचा वृंद आणि बारा वाद्ये: दोन तंतुवाद्य-चौकड्या, एक मोठे खर्जाचे व्हायोलिन, दोन बासऱ्या आणि एक इंग्लिश हॉर्न. सारा खेळ अर्ध्या तासाचा. उघड्यावर, झाडाखालीही करता यावा असा. मोठा रंगमंच, मोठा पैसा लागणार नाही अशी चीज लिहिण्याची ही दृष्टी शाळामास्तराची आहे. ज्याला रोज पंचवीस मुली आणि चार व्हायोलिनांवर भागवावे लागते, त्यालाच थोडक्यात पुष्कळ सांगण्याची विद्या साधते.

त्याने कथेतही मोठी काटछाट केली. महाभारताच्या वनपर्वातली सावित्री यमाच्या मागोमाग चालत जाते आणि एकेक वर पदरात पाडून घेते. सासऱ्याची दृष्टी, त्याचे गेलेले राज्य, आपल्या पित्याला शंभर पुत्र, शेवटी स्वतःला शंभर पुत्र. आणि तेथे यम शब्दांत सापडतो. आपल्या कीर्तनकारांना हा वादविवाद फार प्रिय. होल्स्टने नारद काढला, सासूसासरे काढले, राज्य काढले. राहिले तिघे. सत्यवान हा लाकडे तोडून घरी परतणारा साधा माणूस. मृत्यू येतो तेव्हा सावित्री किंचाळत नाही, ती त्याचे अतिथीसारखे स्वागत करते. प्रसन्न होऊन तो एक वर देऊ करतो. सत्यवानाचा प्राण सोडून काहीही माग. ती मागते जीवन, पुरेपूर जीवन. मृत्यू 'तथास्तु' म्हणतो. मग ती सांगते, माझे जीवन म्हणजे सत्यवान. त्याच्यावाचून तुझा वर खोटा. शब्दाने बांधला गेलेला मृत्यू परत फिरतो, आणि जाता जाता आपणही मायाच आहोत, हे मान्य करून जातो.

वर चार होते, त्यांचा एक केला. मूळ कथेला यात बाध आला असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपली सावित्री बुद्धीने जिंकते, होल्स्टची सावित्री प्रेमाची व्याख्या करून जिंकते. मृत्यूला मान देणारी आणि तरीही त्याला रिकाम्या हाती धाडणारी ती बाई दोन्हीकडे एकच आहे. आणखी एक नोंदण्यासारखे: त्याने या संगीतात हिंदुस्थानी रागदारीची उसनवार नक्कल केली नाही. जे आपण ऐकलेले नाही त्याचे सोंग आणायचे नाही, हा त्याचा प्रामाणिकपणा होता. व्हिएन्नाचे सोंग एकदा आणून झाले होते!

* * *

महायुद्ध सुरू झाले तेव्हा होल्स्टनेही सैन्यात जाण्याची खटपट केली. डोळे आणि हात पाहून त्याला परत पाठविण्यात आले. व्हॉन विल्यम्स मात्र बेचाळिसाव्या वर्षी साधा शिपाई म्हणून रुग्णपथकात भरती झाला आणि फ्रान्समध्ये जखमी माणसे वाहून नेऊ लागला. या काळातली पत्रे हातात घेतली म्हणजे मन जड होते. त्यांचा तरुण मित्र, संगीतकार जॉर्ज बटरवर्थ, ऑगस्ट १९१६ मध्ये सोमच्या लढाईत पडला. त्या सुमारास व्हॉन विल्यम्स लिहितो, की युद्ध संपून घरी जाण्याचीच आता धास्ती वाटते, कारण ओळखीच्या किती जागा तेथे रिकाम्या दिसतील! आपल्याहून लहान माणसांशी मैत्री करणे चुकीचे, असेही त्याच्या मनात येऊन जाते. यानंतर थोड्याच महिन्यांनी वेलिंग्टन हॉलमध्ये 'सावित्री' झाली. मृत्यूच्या हातून माणूस परत आणण्याची ती कथा १९०८ साली पुराणातली होती. १९१६ साली लंडनच्या घराघरांत कोणीतरी पोस्टमनच्या पावलांकडे कान लावून बसले होते.

घरी राहिलेला होल्स्ट रविवारच्या त्या खोलीत 'द प्लॅनेट्स' लिहीत होता. क्लिफर्ड बॅक्स या लेखक मित्रामुळे त्याला फलज्योतिषाचा नाद लागला होता आणि तो मित्रमंडळींच्या पत्रिकाही मांडी. आपल्या वाचकांना मंगळ आणि शनी यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. होल्स्टचा मंगळ युद्ध आणतो. पाच मात्रांचा विषम ठेका घण घातल्यासारखा एकसारखा चालतो; आणि गंमत अशी, की त्याचा आराखडा महायुद्धाला तोंड फुटण्याआधी झालेला होता. शनीची मात्र आपल्याला साडेसातीमुळे भीती. होल्स्टचा शनी वार्धक्य आणतो. जड पावलांनी येतो, मध्येच भयाचा गजर होतो आणि अखेर सर्व शांत, स्वच्छ होते. सातही ग्रहांत त्याला स्वतःला हाच अधिक आवडे.

उजवा हात साथ देत नव्हता. काही वेळा तो बोटाला निब बांधून लिही. मोठ्या स्वरलिपीचे काम व्हॅली लास्कर आणि नोरा डे या शाळेतल्या सहकारी शिक्षिकांनी त्याच्या सांगण्यावरून लिहून काढले. २९ सप्टेंबर १९१८ रोजी बाल्फर गार्डिनर या धनवान, दिलदार मित्राने पदरच्या पैशांनी क्वीन्स हॉल आणि त्याचा वाद्यवृंद भाड्याने घेऊन होल्स्टला भेट दिला. तो दिवस रविवारच होता. तरुण एड्रियन बोल्टने वृंद चालविला. नेपच्यूनच्या शेवटी दाराआडून येणारा, विरत विरत नाहीसा होणारा स्त्रियांचा आवाज सेंट पॉल्सच्या मुलींचा होता. गुरूच्या आनंदी गतीवर सभागृह झाडायला आलेल्या बायका हातातले ब्रश ठेवून नाचू लागल्या, असे सांगतात. लगेच होल्स्ट सैनिकांना संगीत शिकविण्यासाठी सालोनिकाला रवाना झाला. युद्धात जाण्याची त्याची इच्छा अशी शेवटी पुरी झाली, पण मास्तर म्हणूनच.

* * *

कीर्ती आली ती १९२० नंतर, धोधो. तिने त्याला सुख दिले नाही. स्वाक्षरी मागणाऱ्यांना तो आपण स्वाक्षरी देत नसल्याची छापील चिठ्ठी देई. १९२३ साली रेडिंगला संचालन करताना व्यासपीठावरून पडून डोक्याला मार बसला. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या आज्ञेने सगळे सोडून थॅक्स्टेड या खेड्यात विश्रांती घ्यावी लागली. हळूहळू बाकीचे तास सुटले. सेंट पॉल्स सुटली नाही. १९३२ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने त्याला संगीतरचनेचा व्याख्याता म्हणून बोलाविले. तेथेच पोटातील व्रणाने उचल खाल्ली. त्यानंतरची दोन वर्षे दवाखान्यांच्या आल्यागेल्यात गेली. त्या दिवसांतही १९३३ साली त्याने शाळेच्या मुलींसाठी आणखी एक रचना लिहिली, 'ब्रूक ग्रीन स्वीट'. २५ मे १९३४ रोजी, शस्त्रक्रियेनंतर, त्याचे हृदय थांबले. वय एकोणसाठ.

चाळीस वर्षांच्या मैत्रीची दोन कायमची चिन्हे मागे राहिली. होल्स्टने आपली 'हिम ऑफ जीझस' ही रचना व्हॉन विल्यम्सला अर्पण केली होती आणि व्हॉन विल्यम्सने आपली 'मास इन जी मायनर' होल्स्टला आणि त्याच्या गायकांना. मित्र गेल्यावर व्हॉन विल्यम्सने होल्स्टच्या पत्नीला व मुलीला लिहिले, त्याचे सार असे: कोणत्याही बाजूला वळलो तरी एकच विचार येतो, गुस्ताव याला काय म्हणाला असता? त्यानंतर तो चोवीस वर्षे जगला, पाच सिंफन्या त्याने आणखी लिहिल्या, कीर्तीच्या शिखरावर गेला. पण भीडमुर्वत न ठेवता वही तपासणारा माणूस आता उरला नव्हता.

होल्स्टला पूर्ण वेळ मिळाला असता तर त्याने याहून पुष्कळ लिहिले असते, हे निर्विवाद. पण मग त्याने 'सीते'सारख्या आणखी तीन-चार लिहिल्या असत्या, अशी मला शंका आहे. 'सावित्री' लिहिली ती सोमवारी सकाळी घंटा होणार, हे ठाऊक असलेल्या माणसाने.